बिऱ्हाड हलवावे, पण चूल विझू नये

(पालक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. चालू असलेले आभासी संगणक जुन्या व्यवस्थेवरून नव्या व्यवस्थेवर, काम फारसे बंद न ठेवता, कसे न्यावेत, हा तो विषय. हे तर इंजिनिअर लोकांचे काम, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे.

संबंध असा आहे. आपल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख आहे. आपण एक दिवसाची मजुरी बुडवून संगणकाच्या दुकानात रांगेत बसला आहात. नंबर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर पाटी झळकते, ‘सेवा तूर्त उपलब्ध नाही.’ त्या पाटीमागे कुठे तरी एक यंत्र बंद पडलेले असते, किंवा कोणी तरी ते मुद्दाम बंद केलेले असते. ते किती वेळ बंद राहील आणि पुन्हा चालू झाल्यावर त्यातील माहिती जशीच्या तशी असेल की नाही, हे ज्या माणसाच्या हाती असते त्याच्या कसबाविषयी मी आज बोलणार आहे. तो माणूस उद्या आपल्यापैकीच कुणाचा मुलगा किंवा मुलगी असावी, ही माझी इच्छा आहे.

प्रथम आभासी संगणक म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी एका कामासाठी एक मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, घेतला जाई. फीच्या हिशेबाला एक, ग्रंथालयाला एक, प्रवेशाला एक. प्रत्येकाची निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाई आणि वीजबिल मात्र पुरे येई. मग अशी युक्ती निघाली की, एकाच भक्कम यंत्रावर सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक स्वतंत्र खोल्या पाडायच्या. प्रत्येक खोलीतल्या भाडेकरूला वाटते की सारे घर आपलेच. या खोल्या म्हणजे आभासी संगणक, इंग्रजी वळणाने व्हर्च्युअल मशीन. आणि भिंती, नळ, वीजमीटर सांभाळणारा जो चाळीचा व्यवस्थापक, त्याला हायपरव्हायझर म्हणतात.

ही कल्पना आजकालची नाही. आयबीएम कंपनीने ‘व्हीएम ३७०’ ही व्यवस्था १९७२ साली जाहीर केली, आणि तिच्या आधीचे प्रयोग १९६० च्या दशकात झाले होते. मात्र ती मोठ्या, महागड्या संगणकांपुरती राहिली. साध्या संगणकावर ती आणण्यासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत व्हीएमवेअर नावाची कंपनी निघाली. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन आले, आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाची व्यवस्था सामील झाली. झेन आणि केव्हीएम दोन्ही मुक्त आहेत. त्यांचा मजकूर कुणालाही वाचता येतो, वापरता येतो.

आता प्रश्न असा की, नांदती चाळ सोडून भाडेकरू दुसरीकडे न्यायचेच कशाला? कारणे दोन असतात. एक म्हणजे इमारत जुनी होते. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या व्यवस्थेच्या सातव्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. देखभाल संपली म्हणजे भिंतीला नवी भेग पडली तर ती बुजवून मिळण्याची खात्री उरत नाही, आणि चोराला भेगच हवी असते. दुसरे कारण म्हणजे मालक बदलतो आणि भाड्याची रीत बदलते. ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेण्याचा सुमारे ६१ अब्ज डॉलरचा सौदा मे २०२२ मध्ये जाहीर केला आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी तो पुरा झाला. पाठोपाठ डिसेंबर २०२३ मध्ये कायमचा परवाना विकणे बंद करून ठराविक मुदतीच्या वर्गणीची पद्धत आणली गेली. त्यानंतर जगभरच्या पुष्कळ संस्थांनी आपली बिऱ्हाडे दुसरीकडे हलवण्याचा विचार सुरू केला. त्यांतल्या अनेकांची नजर केव्हीएमवर उभ्या असलेल्या व्यवस्थांकडे गेली. व्हिएन्ना शहरातील कंपनीने २००८ साली प्रथम आणलेली प्रॉक्समॉक्स ही त्यांपैकी एक. माझी पुढची उदाहरणे याच स्थलांतराची आहेत, कारण आज हे काम प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित करू. घाबरू नका, हे भूमिती श्रेणीचे गणित आहे आणि आपण ते शाळेत शिकता.

एकाच जातीच्या दोन यंत्रांमध्ये आभासी संगणक चालू असतानाच हलवता येतो. तो कसा? समजा, त्याच्या स्मरणात १६ गिगाबाइट मजकूर आहे आणि दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेतून सेकंदाला १ गिगाबाइट जातो. सगळा मजकूर पाठवायला १६ सेकंद लागतील. पण संगणक तर चालू आहे, तो त्या १६ सेकंदांत काही पाने बदलणारच. सेकंदाला १०० मेगाबाइट बदलतात असे धरा. म्हणजे पहिली फेरी संपेपर्यंत १६०० मेगाबाइट शिळे झाले. दुसऱ्या फेरीत तेवढेच पाठवा. त्याला १.६ सेकंद लागतील, आणि त्या अवधीत १६० मेगाबाइट बदलतील. तिसऱ्या फेरीनंतर १६ मेगाबाइट उरतील. आता संगणक क्षणभर थांबवा, हे शेवटचे १६ मेगाबाइट पाठवा आणि पलीकडे चालू करा. हा शेवटचा मजकूर पाठवण्यासाठी लागलेला थांबा सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी झेनवर हाच प्रयोग केला. खेळाडू खेळत असलेल्या संगणकखेळाचा सर्व्हर त्यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला आणि तो अवघा ६० मिलिसेकंद थांबला. डोळ्याचे पाते लवायलाही याहून अधिक वेळ लागतो.

परंतु एक अट ध्यानात घ्या. पाने बदलण्याचा वेग तारेच्या वेगाहून कमी असला पाहिजे. दोन्ही वेग सारखे झाले तर प्रत्येक फेरीनंतर पुन्हा १६ गिगाबाइटच उरतील आणि काम कधीच संपणार नाही. हौद भरायचा तर गळतीपेक्षा नळाची धार मोठी हवी, हे आपल्या घरातील बायकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

आता खरी अडचण पाहा. हे सारे एका जातीच्या दोन यंत्रांमध्ये चालते. व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर जायचे झाल्यास चालत नाही. चालू संगणकाची अर्धवट स्थिती, म्हणजे कोणता आभासी तुकडा या क्षणी काय करीत आहे याची नोंद, प्रत्येक व्यवस्था आपापल्या लिपीत ठेवते, आणि एकीची लिपी दुसरीला वाचता येत नाही. म्हणून एकदा तरी संगणक रीतसर बंद करून पलीकडे नव्याने चालू करावाच लागतो. काम अजिबात न थांबता हे करून देतो, असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याला दोन प्रश्न अधिक विचारा. आपल्या हाती एवढेच असते की तो थांबा तासांचा न होता मिनिटांचा व्हावा.

साधी रीत अशी, की संगणक बंद करा, त्याची तबकडी उतरवून घ्या, पलीकडे नेऊन चालू करा. तबकडीवर ५०० गिगाबाइट असतील आणि तार एक गिगाबिटची असेल, तर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात. हिशेब करा, ७५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ खिडकी बंद. ग्रंथालयाच्या यादीसाठी हे चालेल. रविवारी रात्री अकरा वाजता ग्रंथालयात कोण येते? पण ज्या यंत्रावर अर्ज स्वीकारले जात आहेत त्याला हे चालणार नाही.

शहाणी रीत वेगळी आहे. दोन्ही चाळींना उघडता येईल असे एक सामाईक गोदाम, म्हणजे नेटवर्कवरील साठवण, मधे उभारायचे. जुन्या व्यवस्थेत संगणक चालू असतानाच त्याची तबकडी या गोदामात हलवता येते, तशी सोय व्हीएमवेअरमध्ये आहे. याला तास लागोत की दोन तास, कुणाचे काम अडत नाही. पलीकडे प्रॉक्समॉक्समध्ये तशाच मापाचा रिकामा आभासी संगणक आधी तयार करून ठेवायचा आणि त्याला गोदामातील तीच तबकडी दाखवायची. मग ठरल्या क्षणी जुना बंद, नवा चालू. सामान गोदामात आधीच येऊन पडलेले असल्यामुळे बंद होणे आणि उठणे एवढ्यापुरताच थांबा होतो. पुढे नवा संगणक चालू असतानाच तबकडी गोदामातून तिच्या कायमच्या जागी न्यायची.

आणखी एक सोय २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये आली आहे. जुन्या व्यवस्थेतील संगणकांची यादी तिच्या पडद्यावरच दिसते आणि तिथूनच ते आत ओढून घेता येतात. तबकडी पुरती उतरण्यापूर्वी नवा संगणक चालू करण्याचा पर्यायही त्यात आहे. तो मोहक आहे, पण त्याची किंमत समजून घ्या. मजकूर उतरत असताना मधेच तार तुटली, तर चालू झाल्यापासून नव्या संगणकात लिहिले गेलेले सारे हरवते. फीच्या पावत्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

आणि मोठ्या हिशेबवहीसाठी, म्हणजे डेटाबेससाठी, चौथी रीत आहे. नव्या जागी दुसरी वही उघडायची आणि पहिलीत लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच क्रमाने दुसरीत उतरत राहील अशी व्यवस्था करायची. दोन्ही वह्या बरोबरीला आल्या की पहिलीत लिहिणे थांबवायचे, शेवटची ओळ उतरली याची खात्री करायची आणि दुसरीला मुख्य करायचे. हा थांबा काही सेकंदांवर आणता येतो.

मित्रांनो, युक्त्या सांगून झाल्या. पण अशी कामे युक्तीअभावी क्वचित बिघडतात, तयारीअभावी नेहमी बिघडतात. म्हणून तयारीविषयी थोडे अधिक बोलतो.

पहिले काम यादीचे. कोणता संगणक कुणावर अवलंबून आहे ते कागदावर लिहून काढा. अर्जाची खिडकी एका संगणकावर आणि नोंदवही दुसऱ्यावर असेल, तर दोघांना बरोबर न्यावे लागेल. नवरा पुण्यात आणि स्वयंपाकघर नाशकात, असा संसार होत नाही. मग क्रम ठरवा. ज्याच्या बंद पडण्याने कमीत कमी लोकांचे नुकसान होईल तो आधी न्या, म्हणजे चुका शिकायच्या त्या तिथे शिकता येतील. वेळही पाहून ठरवा. निकालाचा आठवडा आणि अर्जाची शेवटची तारीख यांच्या जवळपास हात लावू नका.

दुसरे काम बॅकअपचे. राखीव प्रत घेतली आहे, असे सगळेच सांगतात. ती उघडून पाहिली आहे का, हे विचारा. ज्या प्रतीवरून संगणक एकदाही पुन्हा उभा करून पाहिलेला नाही, तिला प्रत म्हणू नका, ती फक्त आशा आहे.

तिसरे काम घरातील जुने सामान काढण्याचे. व्हीएमवेअरची मदतनीस साधने आधीच काढून टाकावीत, कारण जागा बदलल्यावर ती काढणे कधी कधी जिकिरीचे होते. विंडोज असलेल्या संगणकात तबकडी ओळखणारा नवा चालक, व्हर्टआयओ नावाचा, आधी घालून ठेवावा. तो नसताना तबकडी नव्या तऱ्हेने जोडली, तर यंत्राला स्वतःचीच तबकडी सापडत नाही आणि निळा पडदा दिसतो. नेटवर्कचा पत्ताही लिहून ठेवावा, कारण नव्या जागी नेटवर्कचे कार्ड नवे दिसते आणि जुना पत्ता त्याला चिकटत नाही. लिनक्समध्ये तर त्या कार्डाचे नावच बदलते. जुने नाव ‘ईएनएस १९२’ असेल, तर नव्या घरी ते ‘ईएनएस १८’ झालेले दिसते, आणि चांगला चालू संगणक केवळ एका नावासाठी मुका बसतो. तबकडी कुलूपबंद असेल, तर कुलपाची राखीव किल्ली हातात असल्याशिवाय पाऊल टाकू नये. ती किल्ली सांभाळणारी आभासी चिप जुन्या घरीच राहते.

चौथे काम रंगीत तालमीचे. प्रतीवरून एकदा सगळे स्थलांतर करून पाहा, मात्र नव्या संगणकाची नेटवर्कची तार काढून ठेवून. घड्याळ लावून प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते लिहा. मग लोकांना जो थांबा सांगाल तो अंदाज राहणार नाही, मोजलेला आकडा असेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. सिंहगडाच्या लढाईत परतीचे दोर कापल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. लढाईत ते शौर्य ठरते. या कामात परतीचा दोर शाबूत ठेवणे हेच शहाणपण आहे. जुना संगणक बंद करा, पण पुसू नका. नवा नीट चालला नाही तर तो पुन्हा उठवता आला पाहिजे. मात्र दोघे एकाच वेळी चालू राहता कामा नयेत. दोघांचा पत्ता एकच, नाव एकच. निम्मे लोक इकडे पैसे भरतील, निम्मे तिकडे, आणि नंतर त्या दोन वह्या जुळवणे म्हणजे मरणप्राय काम.

दोराची लांबीही मर्यादित असते, हे विसरू नका. नव्या संगणकाने पहिली पावती फाडली की परत जाणे फुकट उरत नाही, कारण ती पावती जुन्या वहीत नाही. म्हणून आधीच ठरवावे, की अमुक वाजेपर्यंत सर्व तपासण्या उतरल्या नाहीत तर दार लोकांना न उघडता माघारी जायचे. हा निर्णय कोण घेणार, तेही आधी ठरवावे. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, पाच माणसांनी वाद घालत घ्यायचा हा निर्णय नव्हे.

आणि तपासणी कशी करावी? पडदा उजळला म्हणून काम झाले असे समजू नका. बंद करण्यापूर्वी शेवटच्या पावतीचा क्रमांक, एकूण विद्यार्थ्यांची संख्या, जमेची बेरीज लिहून घ्या. चालू झाल्यावर तेच तीन आकडे पुन्हा पाहा. आपले जुने मुनीम रोज संध्याकाळी गल्ला मोजत, तीच ही रीत. ती जुनी आहे म्हणून टाकाऊ झालेली नाही.

पालकहो, आता आपल्याशी थोडे. या विद्येची एक बाजू आपल्याला पटेल अशी आहे. ही शिकण्यासाठी लाखांची फी लागत नाही. केव्हीएम मुक्त आहे, प्रॉक्समॉक्सही वर्गणी न भरता उतरवून वापरता येते. आठ गिगाबाइट स्मरण असलेले, चौसष्ट बिटांचे आणि आभासी संगणकाला आधार देणारा प्रोसेसर असलेले जुने यंत्र सरावाला पुरते. संस्थेने वापरातून काढलेली अशी दोन यंत्रे जोडून मुलांना दिली, तर त्यांना चालू संगणक एकावरून दुसऱ्यावर नेऊन पाहता येईल. सेकंदाला एक याप्रमाणे त्याला हाका मारत राहायचे आणि किती हाकांना उत्तर आले नाही ते मोजायचे. ज्या मुलीने हा आकडा स्वतः मोजून वहीत लिहिला, तिला मुलाखतीत कुणाच्या शिफारशीची गरज फारशी पडणार नाही. मी नोकरीचे वचन देत नाही. ते देणाऱ्या जाहिराती पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापासून आपण जपावे. प्रमाणपत्र भिंतीवर राहते, कसब हातात राहते, एवढेच मी सांगतो.

मात्र या कामात रात्रपाळी असते, कारण लोकांची कामे थांबू नयेत म्हणून हे काम लोक झोपल्यावर करावे लागते. उद्या आपली मुलगी रात्री कामावर बसू लागली, तर तिला नावे ठेवण्यापूर्वी आठवा, की सकाळी आपण ज्या खिडकीपुढे उभे राहणार ती उघडी राहावी म्हणून ती जागी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यालाही शेवटी एकच सांगतो. तबकडीवरचे ५०० गिगाबाइट म्हणजे कुणाच्या जन्मतारखा, कुणाचे गुण, कुणाच्या आजाराचे कागद, कुणा विधवेच्या पेन्शनची नोंद. ती आपली नव्हे, दुसऱ्याची अमानत आहे. अमानत एका घरून दुसऱ्या घरी नेताना ती मोजून घ्यावी, झाकून न्यावी आणि पोचल्यावर पुन्हा मोजून द्यावी. बाकी सारी तंत्रे बदलतील. आज व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर चाललेली बिऱ्हाडे आणखी काही वर्षांनी तिसरीकडे जातील. ही मोजून देण्याची सवय ज्याला लागली, त्याला कुठल्याही नव्या घरी काम मिळेल.